ॲब्लेशनची तारीख लांबली, तर खर्च कशावर करावा?

एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे) निदान होऊन ॲब्लेशन (कॅथेटर नावाच्या नळीने हृदयातली बिघडलेली जागा निकामी करणे) करायचे ठरले की घरातली सगळी चर्चा एका मोठ्या आकड्याभोवती फिरते. मुंबई-पुण्यातल्या खासगी रुग्णालयात थ्रीडी मॅपिंगसह हा खर्च साधारण साडेतीन ते सहा लाखांच्या घरात जातो, कधी त्याहून वरही. हे काम करणारे ईपी (हृदयाच्या विद्युत लयीचे) तज्ज्ञ मोजक्या शहरांत, सरकारी रुग्णालयात रांग आणि विम्याची मंजुरी अडकलेली. तारीख काही महिने पुढे गेली तर नवल नाही. त्या मधल्या काळाचाही खर्च असतो, आणि तो कसा करायचा हे कोणी समजावून सांगत नाही.

डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली असेल, तर पहिला पैसा तिच्यावर. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. धडधड थांबली म्हणून तो जात नाही. तरीही महिनाअखेरीला बहुतेक वेळा हीच गोळी वगळली जाते, कारण ती घेतल्याने ‘काही वाटत’ नाही. एपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन आता अनेक भारतीय कंपन्या बनवतात. कंपनीनुसार महिन्याचा खर्च साधारण पाचशे ते दोन हजार रुपये येतो. डॉक्टरांना स्वस्त जेनेरिक लिहून द्यायला सांगा, जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, नाहीतर ती अंगी पुरेशी लागत नाही.

ॲसिट्रॉम किंवा वॉरफॅरिन त्याहून स्वस्त पडते, पण रक्त गोठण्याच्या आयएनआर तपासणीचे दरवेळी तीनशे-पाचशे रुपये धरा. सुरुवातीला ती वारंवार करावी लागते. झडप लहानपणीच्या संधिवाती तापाने अरुंद झाली असेल तर हीच जुनी गोळी योग्य. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांत ती रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरली. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने गोळी बदलू नका. ॲस्पिरिन हा तिचा पर्याय नव्हे. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकही परस्पर घेऊ नये, रक्तस्राव वाढतो. ॲब्लेशनच्या आधी बहुधा सलग तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवावी लागते. मध्ये खंड पडल्यास जादा तपासणी किंवा नवी तारीख, म्हणजे वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त खर्च.

ईसीजी दाखवणाऱ्या महागड्या घड्याळाची घाई करू नका. मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजता येते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे इथे चालत नाही, कारण ठोके अनियमित असतात. वेळ, ठोके आणि त्रास वहीत लिहून ठेवलेत तर डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. घोरणाऱ्याने मात्र झोपेची चाचणी करून घ्यावी. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा विकार, तसाच राहिला तर ॲब्लेशननंतरही एएफ परतण्याची शक्यता वाढते. वजन आणि दारू कमी केल्याने फायदा होतो, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

विमा असेल तर या काळातली प्रत्येक पावती जपा. बहुतेक पॉलिसी भरतीच्या आधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या संबंधित तपासण्या आणि औषधांचे पैसे देतात, पण पक्के बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी. म्हणून इको, होल्टरसारख्या तपासण्या, डॉक्टरांची हरकत नसेल तर, त्या मुदतीत बसवा. खोलीभाड्याची मर्यादा आधीच पाहा. वरच्या दर्जाची खोली घेतली तर अनेक पॉलिसींत बाकीचे बिलही त्याच प्रमाणात कापले जाते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र तुमच्या ॲब्लेशनचे पॅकेज त्या रुग्णालयात मिळते का, मॅपिंगचा खर्च त्यात धरला आहे का, हे तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पक्के करून घ्या, हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

रुग्णालयाकडून अंदाजपत्रक लेखी घ्या. कॅथेटर नवे असेल की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेले, आणि त्याचा दर काय, हे संकोच न करता विचारा. पॅकेजमध्ये आयसीयूचे दिवस, भूल आणि अन्ननलिकेतून करायची इको धरली आहे का, तेही. गावाहून येणाऱ्यांनी नातेवाइकांच्या राहण्याचा खर्च आणि पुढच्या तपासणीच्या फेऱ्या वेगळ्या धराव्यात. ॲब्लेशननंतरही निदान दोन-तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी चालूच राहते. तीही याच हिशेबात घाला.

चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले, तर अंदाजपत्रक बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे, आणि मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही हे साडेचार तासांच्या आत ठरवावे लागते. कोणती गोळी शेवटची केव्हा घेतली, हे घरातल्या कोणाला तरी माहीत असू द्या. रुग्णालयात हा प्रश्न हमखास विचारतात.