तीस अक्षरांत संभाजीनगर

डिजिटल मार्केटिंगची पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हटलं की मराठवाड्यातली मुलं पुण्याची गाडी धरतात. मी संभाजीनगरातच शिकले आणि त्याने माझा फायदाच झाला. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी माझे हे अनुभव.

१. अभ्यास शहराच्या नावापासून सुरू होतो. गुगलच्या सर्च जाहिरातीत एका मथळ्याला ३० अक्षरांची मर्यादा असते. 'छत्रपती संभाजीनगर' रोमन लिपीत लिहिलं की मधली मोकळी जागा धरून २५ अक्षरं तिथेच संपतात. उरलेल्या पाचांत हॉटेल सांगायचं की टॅक्सी? शिवाय नाव २०२३ मध्ये बदललं तरी बाहेरचा पर्यटक औरंगाबाद म्हणूनही शोधतो. कीवर्डच्या यादीत दोन्ही नावं हवीत आणि मथळ्यात बहुतेक वेळा वेरूळ किंवा अजिंठा.

२. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद, वेरूळची मंगळवारी. टॅक्सीवाल्याची जाहिरात लावताना हे माहीत नसेल, तर सोमवारी अजिंठा दाखवून क्लिकचे पैसे फुकट जातात.

३. जे विकायचं ते आधी हातात घ्या. यावर माझा सर्वाधिक भर आहे. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहा: मोर, कमळ, वेल दोन्ही बाजूंनी सारखेच सफाईदार दिसतात. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. म्हणजे पैठणच्या विणकराचा सर्वांत बोलका फोटो पदराच्या मागच्या बाजूचा! तो कुठल्याही तयार टेम्प्लेटमध्ये सापडणार नाही. आणि भारी नक्षीची एकच साडी विणायला कित्येक महिने लागतात. तिथे 'आजच मागवा, उद्या मिळवा' असं लिहिणं ही गिऱ्हाईक आणि कारागीर, दोघांचीही फसवणूक आहे. मागावर किती काम होतं, हे विचारल्याशिवाय जाहिरातीचं बजेट ठरवू नये.

४. टूलपेक्षा संख्याशास्त्राला वेळ द्या. गुगलचं जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद झालं आणि त्याची बटणं पाठ केलेल्यांना पुन्हा पाटी कोरी करावी लागली. दोन जाहिराती शेदोनशे लोकांना दाखवल्या आणि एकीला चार क्लिक जास्त मिळाले, एवढ्यावरून निकाल लावता येत नाही, हे मात्र ज्याला कळलं त्याला कुठलंही टूल चालतं. मार्केटिंगचे अभ्यासक मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेले चार 'पी' (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) आजही कामी येतात, ते याच कारणाने: टूल बदललं तरी मूलतत्त्वं बदलत नाहीत.

५. फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का? खऱ्या पैशांचं, भले छोटं, जाहिरात-खातं विद्यार्थ्यांच्या हाती देतात का? प्रकल्पासाठी गावातलाच व्यावसायिक निवडता येतो का? तिन्हींची उत्तरं लेखी मागा आणि ती मिळेपर्यंत प्रवेश घेऊ नका.