गॉर्कीचे जीवनचिंतन आणि अण्णा भाऊ साठे : एका बिरुदाचा पुनर्विचार

अण्णा भाऊ साठे यांना ‘महाराष्ट्राचे मॅक्झिम गॉर्की’ म्हणण्याची प्रथा मराठी समीक्षेत आणि अध्यापनात रूढ झाली आहे. हे बिरुद गौरवाचे आहे, यात शंका नाही. परंतु गौरव हा तौलनिक अभ्यासाचा निष्कर्ष होऊ शकत नाही. गॉर्कीला ‘रशियाचे अण्णा भाऊ’ असे कोणी म्हणत नाही, ही बाबही उपेक्षणीय नाही. जीवन, प्रेम आणि लेखन यांविषयीचे गॉर्कीचे चिंतन समोर ठेवून या दोन लेखकांतील साम्य कोठपर्यंत जाते आणि कोठे संपते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय मराठवाड्यातील अभ्यासकाला परका नाही. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, तसाच तेलंगणातील शेतकऱ्यांच्या लढ्यावरही रचला. १९४६ मध्ये तो लढा सुरू झाला तेव्हा आजच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांचा प्रदेश त्याच हैदराबाद संस्थानात होता. रशिया आणि आपला शेजार असे एकाच शाहिराच्या वाणीत एकत्र आले होते.

प्रथम जीवनानुभवाचा विचार करू. गॉर्कीचे (१८६८–१९३६) मूळ नाव अलेक्सी पेश्कोव्ह. ‘गॉर्की’ म्हणजे कडू. आजीच्या तोंडच्या लोककथा, आगबोटीवरील आचाऱ्याने वाचावयास दिलेली पुस्तके आणि कझानमधील बेकरीतील कष्ट हेच त्याचे शिक्षण होते. कझानला तो विद्यापीठात प्रवेश मिळेल या आशेने गेला होता. ते घडले नाही. आत्मचरित्राच्या तिसऱ्या खंडाला त्याने ‘माझी विद्यापीठे’ असे नाव दिले, त्यामागे हा अनुभव आहे. अण्णा भाऊ (१९२०–१९६९) वाटेगावहून वडिलांसोबत पायी मुंबईस आले. शालेय शिक्षण नाममात्र; गिरणी, कामगारवस्ती आणि चळवळ यांतून त्यांची घडण झाली. येथवरचे साम्य निर्विवाद आहे. मात्र ते लेखकांच्या चरित्रांतील साम्य आहे, साहित्यातील नव्हे.

साहित्यातील भेद दोन कथांवरून स्पष्ट होतो. गॉर्कीच्या ‘चेल्काश’ (१८९५) या कथेत बंदरावरचा चोर आणि खेड्यातून आलेला गाव्रिला हा तरुण एकत्र येतात. गाव्रिलाला पैसा हवा आहे तो जमिनीसाठी व संसारासाठी. त्या लोभापायी तो चेल्काशच्या जिवावर उठतो. चेल्काश मात्र तो पैसा तुच्छतेने त्याच्या हवाली करून निघून जातो. गॉर्कीची सहानुभूती बंधनमुक्त भटक्याकडे झुकते. अण्णा भाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमाही पोटासाठी निषिद्ध मार्गाला लागतो. खाण बंद पडल्यामुळे तो प्रेतांसोबत पुरलेले सोने शोधू लागतो. परंतु त्याच्या मागे बायको आहे, मुलगी आहे. प्रेत उकरताना कोल्ह्यांशी झुंज होऊन अखेर त्याला हाताची बोटे गमवावी लागतात आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता त्यानंतर कानी येते. भीमाला मुक्ती नको होती, काम हवे होते. रोजगारासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

प्रेमाच्या चित्रणातही हेच आढळते. ‘मकर चुद्रा’ (१८९२) या गॉर्कीच्या पहिल्या प्रकाशित कथेत प्रेम आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकत नाहीत. त्या संघर्षात दोन्ही प्रेमिकांचा अंत होतो. ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत स्वातंत्र्याची ऊर्मी तितकीच प्रखर आहे. परंतु इंग्रज सत्तेने आपल्या माणसांना वेठीस धरताच फकिरा त्यांच्यासाठी स्वतःला सरकारच्या स्वाधीन करतो. गॉर्कीच्या कथेत आपुलकीचे बंधन बंडाच्या आड येते, तर अण्णा भाऊंच्या येथे त्या बंधनातूनच बंड जन्मते.

लेखनाविषयी गॉर्कीने एक मार्मिक आठवण नोंदविली आहे. ‘इझेर्गिल म्हातारी’ ही नवी कथा तो आपल्या प्रेयसीला वाचून दाखवीत असताना ती झोपी गेली. तो दुखावला, कथा मात्र टिकली. लेखी वाङ्मयात हे शक्य असते, कारण वाचक दूर असतो. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या शाहिराला ही सवलत नसते. श्रोता उठून गेला की पोवाडा तेथेच संपतो. जनतेची कदर करणाऱ्या कलावंताचीच जनता कदर करते, या आशयाची अण्णा भाऊंची भूमिका या अनुभवातून आलेली आहे. त्यांच्या गद्यातील वेग, संवाद आणि नाट्यमय प्रसंग यांचा उगम केवळ रशियन प्रभावात शोधणे म्हणूनच अपुरे ठरते.

सारांश, गॉर्कीमुळे अण्णा भाऊंना आपल्या अनुभवाच्या साहित्यमूल्याविषयी विश्वास मिळाला असेल. त्या अनुभवाची नीती आणि शैली मात्र गावकुसाबाहेरच्या वस्तीतून व तमाशाच्या बोर्डावरून आली. संशोधकांनी प्रभावाच्या याद्या करण्यापेक्षा दोघांची एकेक कथा समोरासमोर ठेवून वाचावी. तसे केल्यास बिरुदाची गरज उरणार नाही आणि अण्णा भाऊ त्यांच्याच नावाने अभ्यासले जातील.