फाईल अडली? नियम बंद करण्याआधी हे तपासा (डीएलपी नियमांची दुरुस्ती)



शाळेच्या खात्यावरून ड्राइव्हवर फाईल टाकली, ती बाहेरच्या कोणाला शेअर करायला गेलो आणि स्क्रीनवर सूचना आली की ही फाईल संस्थेबाहेर शेअर करता येणार नाही. हा अनुभव आता बऱ्याच शाळांत येतोय. अशा वेळी आपण काय करतो? फाईल डाउनलोड करतो आणि सरळ व्हॉट्सॲपवर पाठवतो. ज्यांच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड आहे ते तर नियमच बंद करून टाकतात.

मी हेच दुसरं केलं होतं. काय झालं ते आधी सांगते.

माझी चूक

आरोग्य तपासणीच्या पथकाला पालकांच्या मोबाईल नंबरची यादी पाठवायची होती. यादीत एकही आधार क्रमांक नव्हता, तरी फाईल अडली. घाई होती. "दोन मिनिटांसाठी बंद करू" म्हणून मी नियम बंद केला, यादी पाठवली आणि नियम पुन्हा चालू करायला विसरले.

पुढच्या आठवड्यात सहकाऱ्यांनी पालकांच्या ग्रुपवर एका शीटची लिंक टाकली. वर फक्त हजेरी होती. पण खाली दुसरं पान होतं, आणि त्यात मुलांचे आधार क्रमांक आणि बँक खाते क्रमांक होते. एका पालकांचा फोन आला, "बाई, माझ्या मुलीचा आधार नंबर सगळ्यांना दिसतोय." लिंक लगेच बंद केली. पण कोणी फोटो काढून ठेवला असेल तर तो परत येत नाही. पालकसभेत उभं राहून सगळ्यांना सांगावं लागलं. ज्या नियमाने ही लिंक अडवली असती, तो मीच बंद ठेवला होता.

म्हणून हा पाठ.

डीएलपी म्हणजे काय?

डीएलपी म्हणजे डेटा लॉस प्रिव्हेन्शन. नावावरून वाटतं की हरवलेली फाईल परत मिळवून देणारी सोय असेल. तसं नाही. संवेदनशील माहिती चुकीच्या हातात जाऊ नये म्हणून ठेवलेली ही राखण आहे. नियमाचे तीन भाग असतात: काय शोधायचं, कुठे शोधायचं आणि सापडलं तर काय करायचं. (फक्त नोंद, इशारा की अडवणूक?)

पायरी १ : कोणत्या दारावर अडलं?

फाईल तीन ठिकाणी अडू शकते. पहिलं, ब्राउझर किंवा संगणक. इथे अपलोडच होत नाही. दुसरं, साठवण. इथे फाईल चढते, पण नंतर तपासली जाते. तिसरं, शेअरिंग. फाईल आत व्यवस्थित असते, फक्त बाहेर जात नाही. गुगल ड्राइव्हचा नेहमीचा डीएलपी नियम या तिसऱ्या दारावर उभा असतो. त्यामुळे अपलोडच होत नसेल तर आधी इंटरनेट, भरलेली जागा आणि ब्राउझरवरची बंधनं पाहा. उगाच ड्राइव्हच्या नियमाशी झटापट करू नका.

पायरी २ : नोंदवही वाचा

ॲडमिन कन्सोलमध्ये अहवाल विभागात नियमांच्या नोंदी असतात. कोणता नियम लागला, कोणत्या फाईलला आणि केव्हा, हे तिथे कळतं. आपण अंदाजाने एक नियम बदलतो आणि अडवणारा नियम निघतो दुसराच. आणखी एक गोष्ट, बदल केला की तो लगेच लागू होईलच असं नाही. चोवीस तासही लागू शकतात. पाच मिनिटांत पुन्हा बदल करत बसलात तर कशाने काय झालं हेच समजणार नाही.

पायरी ३ : खोटी ओरड का झाली?

आधार क्रमांक १२ अंकी असतो, पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. तो व्हेरहॉफ पद्धतीने काढतात. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर ही पद्धत चूक पकडते.

आता माझी यादी पाहा. मोबाईल नंबरला ९१ जोडून लिहिलं की होतात १२ अंक, आणि सुरुवात ९ ने. नियम फक्त "१२ अंक" शोधत असेल तर प्रत्येक नंबर सापडणार. पडताळणी अंक तपासला तरी दहांपैकी साधारण एक नंबर योगायोगाने बरोबर निघतोच. ४० मुलांच्या यादीत सरासरी ४ नंबर! निदान एक तरी निघण्याची शक्यता शंभरात ९८. म्हणजे "एक सापडला की अडवा" असा नियम असेल तर ही यादी जवळजवळ दर वेळी अडणारच.

शाळेतले बाकीचे क्रमांकही पाहू :

- यूडायस कोड आणि पेन ११ अंकी आहेत. ते सहसा अडत नाहीत.
- अपार आयडी १२ अंकीच आहे. गोंधळ होऊ शकतो.
- सरलचा स्टुडंट आयडी १९ अंकी आहे. नियमात "पुढे-मागे आणखी अंक नसावेत" अशी अट नसेल तर त्याच्या पोटातले १२ अंक आधार म्हणून धरले जातात.

उपाय काय? मोबाईल नंबर १० अंकी लिहा. नियमात पडताळणी अंकाची आणि आजूबाजूला अंक नसल्याची अट घाला. आणि अडवण्यासाठी एकापेक्षा जास्त जुळण्या लागतील असं ठरवा, एका-दोन जुळण्यांना फक्त इशारा ठेवा. ४० मुलांच्या यादीत योगायोगाने ४ निघतात, हे आकडा ठरवताना लक्षात असू द्या.

पायरी ४ : न झालेली ओरड शोधा

खोटी ओरड त्रास देते, पण निदान कळते तरी. नियम गप्प राहिला तर कोणालाच कळत नाही. म्हणून ही पायरी जास्त महत्त्वाची.

- देवनागरी अंक : पॅटर्न फक्त इंग्रजी अंकांसाठी असेल तर मराठी अंकांत लिहिलेला आधार क्रमांक सुटतो.
- शब्दांची यादी : काही नियम अंकांजवळ "आधार" हा शब्दही शोधतात. यादीत फक्त इंग्रजी स्पेलिंग असेल तर आपलं "आधार क्र." सापडत नाही. शिवाय तक्त्यात शब्द पहिल्या ओळीत आणि क्रमांक चाळिसाव्या ओळीत. "जवळ" म्हणजे ३०० अक्षरं धरली तर खालच्या ओळी सुटतात.
- फोटो आणि स्कॅन : आधार कार्डाच्या फोटोतले अंक वाचायला ओसीआर लागतं. ते चालू नसेल तर नियमाला फक्त चित्र दिसतं.
- पासवर्ड लावलेली फाईल : आतलं वाचता येत नाही, म्हणून तपासताही येत नाही.
- एक्सेल : साध्या कॉलममध्ये १२ अंक टाकले की ते 'ई+११' अशा रूपात दिसतात. तसंच सीएसव्ही केलं तर शेवटचे अंक कायमचे जातात. नियमाला काही सापडत नाही आणि आपली माहितीही खराब होते. १९ अंकी आयडीचे तर १५ नंतरचे अंक शून्य होतात. म्हणून असे कॉलम आधीच 'टेक्स्ट' करा.

पायरी ५ : चाचणी

मनाने १२ अंक लिहून चाचणी केली आणि नियमाने काही पकडलं नाही, तर लगेच "नियम बिघडला" म्हणू नका. मनाने लिहिलेला क्रमांक दहात नऊ वेळा पडताळणीतच नापास होतो. त्यापेक्षा एका कोऱ्या फाईलमध्ये स्वतःचाच आधार क्रमांक लिहा, ती फक्त स्वतःच्या खाजगी खात्याशी शेअर करून पाहा आणि नंतर फाईल कचरापेटीतूनही काढून टाका. मुलांची खरी माहिती चाचणीसाठी कधीही वापरू नका.

नवीन नियम आधी काही दिवस "फक्त नोंद" ठेवा. नोंदी वाचा, नियम सुधारा, मग "इशारा" करा आणि शेवटी "अडवा". सूट द्यायचीच असेल तर ती एका व्यक्तीला, एका कामापुरती द्या आणि कधी काढायची ती तारीख वहीत लिहा. नियम सगळ्यांसाठी बंद करू नका.

सगळ्यात सोपा उपाय

फाईल खरंच बरोबर अडली असेल तर? मग नियमाचे आभार माना आणि स्वतःला विचारा, समोरच्याला पूर्ण आधार क्रमांक हवाच आहे का? बहुतेक वेळा नाव आणि इयत्ता पुरते. ओळख पटवायची असेल तर शेवटचे ४ अंक पुरे. मास्क्ड आधारमध्येही तेवढेच दिसतात. लिंक पाठवण्याआधी शीटची सगळी पानं, लपवलेली सुद्धा, उघडून पाहा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पालकांनी ती माहिती आपल्याला विश्वासाने दिलेली असते.

स्वाध्याय

१) तुमच्या शाळेच्या ड्राइव्हमध्ये "लिंक असलेल्या कोणालाही" उघड्या असलेल्या फाईल किती आहेत, ते मोजा.
२) १०० मोबाईल नंबर ९१ जोडून लिहिले तर सरासरी किती नंबर योगायोगाने आधारच्या पडताळणीत पास होतील?
३) तुमच्या नियमाच्या शब्दयादीत मराठी शब्द आहेत का? नसतील तर कोणते पाच घालाल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाठात आहे. पहिल्याचं मात्र आजच शोधा. मी शोधलं तेव्हा उशीर झाला होता.