नाताळ आणि बाजार

नाताळ हा सण बाजाराने ग्रासला आहे, ही तक्रार अमेरिकेत नेहमी ऐकू येते. पूर्वी तो निव्वळ धार्मिक व कौटुंबिक सण होता, असे त्यात गृहीत धरलेले असते. इतिहास तसे सांगत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविण्यात आला होता. या दिवसाशी निगडित असलेला दंगा व मद्यपान त्यांना मान्य नव्हते. मुलांच्या आनंदाभोवती गुंफलेला घरगुती नाताळ एकोणिसाव्या शतकात घडला आणि बाजार प्रथमपासूनच त्याच्या सोबतीला होता. लंडनमध्ये १८४३ साली नाताळचे छापील शुभेच्छापत्र एक शिलिंगास विकले गेले. त्याच वर्षी डिकन्सची कंजूष स्क्रूजची कथा प्रसिद्ध झाली; दातृत्व शिकविणारी ती कथाही लोकांनी विकतच घेतली.

मात्र बाजार सणाचा सोबती असणे वेगळे आणि धनी होणे वेगळे. अमेरिकेत नाताळची खरेदी आभारदिनानंतर सुरू होई. १९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटच्या गुरुवारी आभारदिन पाळल्यास विक्रीचे दिवस घटतील, अशी व्यापाऱ्यांनी तक्रार केली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो आठवडाभर अलीकडे आणला. अनेक राज्यांनी हे मानले नाही. अखेर १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार निश्चित झाला.

तेव्हा सणात पैसा शिरला काय, एवढेच विचारणे पुरेसे नाही. ऐपत नसलेल्या घरातील मुलांना नाताळ आपला वाटेनासा झाला, की बाजाराने मर्यादा ओलांडली असे समजावे.