मतदान न घेणारी सभा

अमेरिकेतील गुलामगिरीच्या उच्चाटनाचा इतिहास वाचताना क्वेकर पंथाचे नाव बहुधा एखाद्या गौरवपर वाक्यात येते आणि पुढे सरकते. त्या वाक्यावरून वाटावे की ही मंडळी पहिल्या दिवसापासून गुलामगिरीच्या विरोधात उभी होती. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या पंथात गुलाम बाळगणाऱ्याला जागा नाही, एवढे ठरवायला त्यांना ८८ वर्षे लागली. आणि ती सगळी वर्षे त्यांनी बोलण्यात घालविली. हे बोलणे कसे चालले याचा विचार मला विजयाच्या इतिहासापेक्षा अधिक उद्बोधक वाटला.

प्रथम पंथाची ओळख करून घेतली पाहिजे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशातून हा पंथ उभा राहिला. ही मंडळी स्वतःला ‘मित्र’ म्हणवितात. (सेवाग्रामला नयी तालीमच्या कामात राहिलेल्या मार्जोरी साइक्स या याच पंथाच्या.) प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, तेव्हा मध्यस्थ पुरोहिताची गरज नाही, ही त्यांची मूळ श्रद्धा. म्हणून त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत प्रवचनकार नसतो. सारे जण शांत बसतात; ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून थोडके बोलतो आणि खाली बसतो.

कामकाजाची सभाही अशीच चालते. तेथे हात वर करून मते मोजीत नाहीत. सभेचा लेखनिक सर्वांचे ऐकून सभेचा कौल काय दिसतो ते लिहून वाचून दाखवितो. तो सर्वांना पटला तरच ठराव होतो. नाही पटला तर विषय पुढच्या सभेकडे जातो. आपल्या विद्यार्थी मंडळाच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे ऐकून हसू येईल! पण या पद्धतीत कोणी हरत नाही, म्हणून निर्णयानंतर कोणी सूडाने पेटत नाही, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे.

आता तिचा दोष पाहा. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील चार जणांनी एक निषेधपत्र लिहिले. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा त्यांपैकी एक. आपल्याला कोणी असे विकले तर चालेल काय, असा त्यांचा साधा सवाल होता. मासिक सभेने विषय फार वजनदार म्हणून त्रैमासिक सभेकडे धाडला, तिने वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने यावर निर्णय देणे उचित नाही असे नोंदवून कागद बाजूला ठेवला. तो पुन्हा उजेडात आला १८४४ साली. सर्वांचे एकमत हवे म्हटले की गुलामांच्या मालकाचेही मत हवे, हे ओघानेच आले. मालक सभेत बसलेला होता. ज्याच्याविषयी चर्चा चालली होती तो गुलाम सभेत नव्हता. माझ्या मते सगळी मेख येथे आहे.

बेंजामिन ले हा ठेंगणा, तापट मनुष्य या संथपणाला कंटाळला. १७३८ च्या वार्षिक सभेत त्याने पोकळ केलेल्या पुस्तकात तांबड्या रसाची पिशवी लपवून आणली आणि तलवार खुपसून तो रक्तासारखा रस आसपासच्या लोकांवर उडविला. पंथाने त्याला आपला मानण्याचे नाकारले.

जॉन वूलमन (१७२०–१७७२) याची रीत निराळी होती. न्यू जर्सीतील एका दुकानात नोकरीला असताना मालकाने त्याला एका काळ्या स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. त्याने ते लिहिले, पण हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मालक व गिऱ्हाईक दोघांनाही तोंडावर सांगितले. पुढे गुलाम वारसाने देणारी मृत्युपत्रे लिहिण्याचे त्याने साफ नाकारले. मग तो गावोगाव फिरला, गुलाम बाळगणाऱ्या पंथबांधवांच्याच घरी उतरला, शांतपणे त्यांच्याशी बोलला, आणि जेथे गुलामांनी त्याची सेवा केली तेथे तिचे पैसे चुकते करू लागला. आपला पाहुणा आपल्याच गुलामाला मजुरी देतो, हे पाहून यजमानाला काय वाटले असेल याची कल्पना करावी. शिवीगाळ नाही, पण सुटकाही नाही.

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना कामकाजातून दूर ठेवण्याचे आणि मालकांच्या घरोघर जाऊन बोलण्याचे ठरविले. १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला पंथातून वगळण्याचा निर्णय झाला. काहींनी याहूनही पुढचे पाऊल टाकले. डेलावेअरच्या वॉर्नर मिफ्लिनने आपले गुलाम मुक्त केलेच, शिवाय त्यांच्या जुन्या श्रमांचा मोबदलाही दिला. जखम भरून काढणे म्हणजे काय, हे त्याला अनेकांपेक्षा आधी कळले होते, असे म्हणावयास हरकत नसावी.

वूलमनची बाजू घेताना मला एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. मालकाचे मन वळेपर्यंत वाट पाहावी, हे मालकाच्या दृष्टीने सौजन्य होय. त्या काळात जे गुलामीत जन्मले आणि गुलामीतच मेले, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. तरीही ले आणि वूलमन यांत निवड करण्याची गरज मला वाटत नाही; एकाने सभेची झोप मोडली, दुसऱ्याने जागे झालेल्यांना घरापर्यंत सोबत केली.

शिवाय गुलामी गेली म्हणून बाक एक झाले नाहीत. फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट सभागृहात काळ्या लोकांसाठी वेगळे बाक असे. सारा मॅप्स डग्लस ही कृष्णवर्णी शिक्षिका लहानपणापासून आईबरोबर तेथे जात असे. शेजारी बसू पाहणाऱ्या गोऱ्या माणसाला, हे बाक काळ्यांचे आहे, असे एकाच सभेत पाच-सहा वेळा बजावले जाताना तिने ऐकले होते. १८३७ साली तिने एका पत्रात हे लिहिले, तेव्हा तिने स्वतः तेथे जाणे सोडून चार वर्षे झाली होती. आई मात्र आठवड्यातून एकदा जात असे, आणि पुष्कळदा ते लांबलचक बाक तिला एकटीलाच मिळत असे.