विद्यापीठीय लेखनातील सचोटी

परीक्षेतील नक्कल हा गैरप्रकार आहे, हे आपल्याकडे कोणास समजावून सांगावे लागत नाही. तिला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने १९८२ साली स्वतंत्र अधिनियम केला. नक्कल करणाऱ्या परीक्षार्थीबरोबरच त्यास साहाय्य करणारी व्यक्तीही त्याच्या कक्षेत येते. परंतु तोच परीक्षार्थी पुढे पदव्युत्तर वर्गात गेला आणि दुसऱ्याच्या पुस्तकातील चार पाने त्याने आपल्या प्रबंधिकेत उतरविली, तर आपण काही गैर केले असे त्यास वाटतेच असे नाही. शाळेत असल्यापासून त्याने हेच केलेले असते आणि सुवाच्य अक्षराबद्दल शाबासकीही मिळविलेली असते.

या दुसऱ्या प्रकाराला वाङ्मयचौर्य म्हणतात. दुसऱ्याचे लेखन वा कल्पना आपली म्हणून पुढे करणे, असा त्याचा अर्थ. त्याला प्रतिबंध करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली विनियम जारी केले. प्रबंधातील मजकुराचे अन्य लेखनाशी किती साम्य आहे, यावरून त्यांत श्रेणी ठरविल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास ठराविक मुदतीत, कमाल ६ महिन्यांत, सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास १ वर्षपर्यंत तो सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झाले, तर पदवी स्थगित ठेवता येते. अध्यापकही यातून सुटलेले नाहीत. त्यांच्या प्रकाशित लेखनात गंभीर चौर्य आढळल्यास वेतनवाढ रोखली जाते व नवे विद्यार्थी घेण्यास काही वर्षे बंदी येते.

टक्केवारीचा अर्थ

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. साम्य म्हणजे चौर्य नव्हे. कायद्याचे कलम, गणिताचे सूत्र, मूळ लेखकाचे नाव देऊन घेतलेले अवतरण, संदर्भसूची हे सारे मोजणीतून वगळावयाचे असते. उलट, साम्य शून्य असूनही चौर्य असू शकते. इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत उतरवून आपल्या नावावर खपविले, तर शब्दाला शब्द ताडून पाहणाऱ्या संगणकास ते सहसा उमगत नाही. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. तो ओळखण्यास विषय जाणणारा मार्गदर्शकच लागतो, आणि त्याने प्रबंध खरोखर वाचलेला असावा लागतो! मागताच निबंध लिहून देणारी संगणकयंत्रे तर हे विनियम झाले तेव्हा सर्वसामान्यांच्या हाती आलेलीच नव्हती. तेव्हा केवळ यंत्राच्या अहवालावर विसंबून प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करणे, हे मार्गदर्शकाने आपले काम यंत्रावर ढकलण्यासारखे आहे.

सचोटीचे लेखन कसे असते, याचा उत्तम नमुना आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. ते १९६६ साली पूर्ण झाले. संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर छापला. नाकारलेले पाठ, कोणत्या हस्तलिखितात काय आढळले याच्या निर्देशासह, तळटीपांत दिले. ज्या शब्दाविषयी त्यांचीच खात्री नव्हती, त्याच्याखाली नागमोडी रेघ छापली. आपल्या निर्णयावर शंका घेण्यास लागणारे साहित्य त्यांनी वाचकाच्या स्वाधीन केले. तळटीप ही परीक्षकाचे समाधान करण्यासाठी असते असे मानणाऱ्या विद्यार्थ्यास या आवृत्तीचे एक पान अवश्य दाखवावे.

चौकशी आणि न्याय

विद्यार्थ्यावर आरोप झाल्यास त्याचे वर्षच नव्हे, तर पुढील उपजीविका पणास लागते. ज्याच्या घरातून विद्यापीठापर्यंत पोहोचलेला तो पहिलाच असेल, त्याच्यासाठी दाद मागणारेही कोणी नसते. म्हणून विनियमांनी द्विस्तरीय चौकशी सांगितली आहे. प्रथम विभागाची समिती चौकशी करते. तीत विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ अध्यापक असतो. त्यानंतर प्रकरण संस्थेच्या समितीपुढे जाते. प्रत्येकीस ४५ दिवसांची मुदत आहे. तक्रारीसोबत पुरावा हवा, आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी विद्यार्थ्यास मिळावयास हवी, आणि दोष निःसंशय सिद्ध झाल्यावरच दंड व्हावा, असा दंडक आहे. प्राचार्यांनी कक्षात बोलावून माफीपत्र लिहून घेणे आणि प्रकरण मिटविणे ही या मार्गाची जागा घेऊ शकत नाही. त्यात निर्दोष भरडला जातो व दोषी सुटतो.

याच विनियमांनी संस्थांवरही एक कर्तव्य सोपविले आहे: प्रत्येक सत्रात विद्यार्थ्यांना व अध्यापकांना या विषयाचे प्रशिक्षण देणे. संशोधन व प्रकाशनातील नीतिमत्तेचा ३० तासांचा अभ्यासक्रम पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांसाठी पुढे आवश्यक झाला. मात्र तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी हे प्रथमच सांगणे म्हणजे बराच उशीर होय.

ही सवय गावातील शाळेत लावता येते आणि तीस खर्चही नाही. आठवीचा विद्यार्थी गावातील विहिरींवर प्रकल्प लिहितो, तेव्हा शेवटच्या पानावर त्याने इतकेच लिहावे: पाण्याची पातळी कोणत्या दिवशी कोणी मोजली; जुन्या दुष्काळाची हकिकत कोणत्या आजोबांनी सांगितली; नकाशा ग्रामपंचायतीतून घेतला की पुस्तकातून, आणि पुस्तकातून असल्यास कोणत्या पानावरून. शिक्षकांनी गुण देताना ते पान आधी वाचावे, आणि ग्रामपंचायत सदस्यांनी शाळेच्या प्रदर्शनास भेट दिल्यावर मुलांना त्याविषयी दोन प्रश्न विचारावेत.