पाच मिनिटांत उरकलेला डबा

प्रश्न : माझे पती हायवेलगतच्या गॅरेजमध्ये कामाला आहेत. डबा पाच मिनिटांत संपवतात, घास पाण्याबरोबर ढकलतात. मग ढेकर, पोटफुगी. सासूबाई म्हणतात, बत्तीस वेळा चावा. खरं का? – एक वाचक, मलकापूर (कराड)

उत्तर : ताई, बत्तीस हा आकडा काही शास्त्राने ठरवलेला नाही. अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थाने अन्न पातळ होईपर्यंत चावायचं वेडच लावलं होतं, तेवढंही नको. घास मऊ झाला की गिळावा, बस्स. ज्वारीची भाकरी कोरडी असते, तिला लाळ लागते; पिठूळ पदार्थांचं पचन लाळेपासूनच सुरू होतं. भराभर खाताना हवाही पोटात जाते, म्हणून ढेकर. शिवाय पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात, तोवर दोन भाकऱ्या जास्त झालेल्या असतात. वजन वाढतं ते असं.

खरी भीती मटणाच्या मोठ्या फोडीची. घास श्वासनलिकेत अडकून माणसाला बोलता, खोकता येईना, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्या. तरी सुटला नाही तर पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर पाच झटके. दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र पोटावर झटके देऊ नयेत.

दाढ दुखते म्हणून ते चावत नाहीत का, हेही विचारा. घास वारंवार छातीत अडकत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका; अन्ननलिकेची तपासणी करून घ्या.